फिल्म लावलीय, पण गाडी धुणार कोण?

लाखभर रुपये मोजून नव्या गाडीवर पारदर्शक फिल्म चढवली की काम संपलं, असं घरात सगळ्यांनाच वाटतं. खरं काम तिथून सुरू होतं. आणि बहुतेक घरांत ते कॉलेजला जाणाऱ्या पोरापोरींच्याच वाट्याला येतं!

नारायणगाव, मंचर, आळेफाटा, ओतूर, घोडेगाव. कुठल्याही चौकात दहा मिनिटं उभं राहा. एमएच-१४ पासिंगची एक तरी कोरी करकरीत गाडी समोरून जाते. बंपरला झेंडूचा हार, बॉनेटवर हळदी-कुंकवाचं स्वस्तिक, आत सीटवर अजून प्लॅस्टिक तसंच.

ही गाडी कशातून आली, हे आपल्याकडं कुणाला सांगावं लागत नाही. कुणाच्या टोमॅटोला भाव सापडला, कुणाचं उसाचं बिल जमा झालं, कुणाचा पोरगा चाकणच्या एमआयडीसीत कायम झाला. २०२३ च्या जुलैत टोमॅटोनं किलोला शंभरी ओलांडली तेव्हा नारायणगावचं मार्केट देशभरच्या बातम्यांत झळकलं होतं. आणि याच मालाला भाव नाही म्हणून तो रस्त्याकडेला ओतायची वेळही शेतकऱ्यावर येते, हेही आपण बघितलंय. म्हणजे घरापुढं उभी असलेली गाडी ही बऱ्याचदा एका चांगल्या वर्षाची कमाई असते. तसं वर्ष पुन्हा कधी येईल, सांगता येत नाही.

म्हणूनच ती जपायची धडपड असते. आणि म्हणूनच शोरूममध्ये कुणी ‘पीपीएफ करून घ्या, दहा वर्षं बघायला नको’ म्हटलं की वडील लगेच मान डोलावतात.

त्यातलं ‘बघायला नको’ तेवढं खरं नाही.

पीपीएफ म्हणजे नक्की काय?

पीपीएफ म्हणजे पेंट प्रोटेक्शन फिल्म. गाडीच्या रंगावर चिकटवलेली काचेसारखी आरपार दिसणारी साल. चांगली फिल्म टीपीयू नावाच्या लवचिक प्लॅस्टिकची असते. खाली गोंदाचा थर, मध्ये टीपीयू आणि सगळ्यात वर एक पातळ लेप. सगळं मिळून जाडी साधारण १५० ते २०० मायक्रॉन, म्हणजे आपल्या डोक्याचे दोन-तीन केस एकावर एक ठेवले तर होईल तेवढी. कंपनीतून येणारा गाडीचा रंग, सगळे थर धरून, साधारण १०० ते १३० मायक्रॉनचा असतो. म्हणजे रंगापेक्षा त्याच्यावरची साल जाड!

तिची गोष्टही भारी आहे. १९६० च्या दशकात व्हिएतनाम युद्धात अमेरिकी हेलिकॉप्टरची पाती वाळू आणि खड्यांनी झिजत होती. ती वाचवायला पॉलियुरेथेनची चिकटपट्टी निघाली. पुढं ती रेसच्या गाड्यांच्या नाकाडावर आली आणि तिथून आपल्या घरच्या गाडीवर. तिथं वाळू होती, इथं पुणे-नाशिक हायवेवर डंपरमधून उडणारी खडी. काम तेच. मार आपण खायचा आणि खालचा रंग वाचवायचा.

सिरॅमिक कोटिंग वेगळं आणि हे वेगळं, एवढंही लक्षात ठेवा. सिरॅमिक हा अतिशय पातळ लेप असतो. त्यानं पाणी घरंगळतं, चमक येते, पण खडी अडत नाही. आणि काचेवरची काळी फिल्म हा तर तिसराच विषय. तिच्यावर सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्येच बंदी घातली. पीपीएफ पारदर्शक असल्यानं गाडीचा रंग बदलत नाही, त्यामुळं तिथं आरटीओची अडचण नाही. रंगीत रॅप चढवून पांढऱ्याची काळी केली तर मात्र आरसीवर नोंद करून घ्यावी लागते.

खरे शत्रू जाहिरातीत दिसत नाहीत

जाहिरातीत गाडीवर किल्ली ओढून दाखवतात, वर गरम पाणी ओततात आणि ओरखडा गायब! हे खोटं नाही. वरचा लेप ऊब मिळाली की पुन्हा सपाट होतो, त्यामुळं बारीक ओरखडे भरून येतात. मात्र फिल्म कापली गेली, खोल चीर पडली, तर कितीही गरम पाणी ओता, ती जोडली जात नाही.

आपल्या दोन तालुक्यांत फिल्मची वाट लावणाऱ्या गोष्टी वेगळ्याच आहेत.

पहिली गोष्ट हळद. धामणखेलच्या किंवा वडजच्या खंडोबाला जाऊन या, गाडी पिवळी होऊनच येते. यात्रेत बैलगाडा घाटात उधळलेला भंडारा आहेच. निवडणुकीचा निकाल लागला की त्यात गुलालाची भर. आता हळदीतला पिवळा रंग म्हणजे करक्युमिन. तो पाण्यात नीट विरघळत नाही, पण तेलात आणि प्लॅस्टिकमध्ये छान मुरतो. घरातला मिक्सरचा डबा आठवा. एकदा पिवळा झाला की झाला! फिल्मही शेवटी प्लॅस्टिकच. पांढऱ्या गाडीवर तर हा डाग लांबून दिसतो.

मग आपण काय करतो? कपड्याची पावडर घेऊन घासायला लागतो आणि डाग लालभडक होतो. घाबरू नका, गाडीला काही झालेलं नाही. हळदीला अल्कली लागली की ती लाल होते. आपलं पारंपरिक कुंकू हळदीला चुना लावून याच गुणावर तर तयार होतं. पण पावडरीनं घासून डाग जात नाही, उलट वरचा लेप खरवडतो.

उपाय सोपा आहे. भंडारा पडला की आधी कोरडाच झटकायचा नाही, फडक्यानं पुसायचाही नाही. भरपूर पाणी सोडून वाहू द्यायचा. मग सौम्य कार शॅम्पू. तरी पिवळी झाक राहिली तर गाडी उन्हात लावा. हळदीचा रंग उन्हात विटतो. हळदीचं पातळ उन्हात वाळत घालायचं आजीला बरोबर माहीत असतं, तेच इथं. काही दिवसांत डाग बराच फिका पडतो.

आणि पूजेचं काय? आजीला ‘गाडीवर हळदी-कुंकू लावू नकोस’ असं सांगायची हिंमत कुणाच्यात नाही, सांगायची गरजही नाही. स्वस्तिक पुढच्या काचेच्या कोपऱ्यात काढायला सांगा. काचेत हळद मुरत नाही, ओल्या कापडानं निघून जाते. देवही खूश, आजीही खूश, फिल्मही शाबूत.

बोअरचं पाणी आणि दुपारचं ऊन

दुसरा शत्रू पाणीच! बोअरच्या पाण्यात क्षार जास्त असतात. तुमच्याकडं नळाच्या तोंडाशी, गिझरच्या कॉइलवर पांढरा थर साचतो ना? मग तोच थर गाडीवरही बसणार. दुपारी उन्हात बॉनेट तापलेलं असताना पाणी मारलं की पाणी क्षणात उडून जातं आणि क्षाराचे गोल गोल पांढरे ठिपके मागं राहतात. ते तसेच राहिले तर पुढं साध्या धुण्यानं निघत नाहीत.

म्हणून गाडी सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, सावलीत, बॉनेटला हात लावल्यावर गार लागेल तेव्हाच धुवायची. धुऊन झाली की ‘वाळेल आपोआप’ म्हणून सोडून द्यायची नाही. मोठ्या मायक्रोफायबर टॉवेलनं लगेच टिपून घ्यायची. पावसाळ्यात पन्हळीचं पाणी टाकीत धरून ठेवलं तर शेवटच्या धुण्याला त्याच्याइतकं चांगलं पाणी नाही, कारण त्यात क्षार जवळजवळ नसतात. ठिपके पडलेच तर पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी मिसळून ओल्या कापडानं मिनिटभर लावा आणि लगेच साध्या पाण्यानं धुऊन टाका.

ऊस, द्राक्षं आणि पाखरं

विघ्नहर आणि भीमाशंकर, दोन्ही कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की शेतरस्त्यावर दोन्ही बाजूंनी ऊस आणि मधून आपली गाडी. उसाच्या पात्याची धार हाताला कशी कापते, हे उसात शिरलेल्या कुणालाही विचारा. त्या पात्यात सिलिका असते, वाळूत असते तीच. दारांवर जे बारीक केसासारखे ओरखडे दिसतात ते तिचेच. फिल्म असेल तर इथं ती खरोखर कामाला येते. चांगलं ऊन लागलं की बरेचसे ओरखडे भरून येतात. फक्त त्याआधी वरची धूळ धुतलेली पाहिजे.

द्राक्षबागेशेजारी गाडी लावत असाल तर फवारणीच्या दिवशी तरी लावू नका. बोर्डो मिश्रणात मोरचूद आणि चुना असतो, वाऱ्यानं त्याचे तुषार गाडीवर येतात आणि निळसर डाग बसतात. डाग ताजा असेल तर नुसत्या पाण्यानं निघतो.

पाखरांच्या विष्ठेचंही तसंच. तिच्यात युरिक ॲसिड असतं. उन्हात भाजून ती कडक झाली की फिल्मच्या वरच्या लेपावर ठसा उठतो. नखानं खरवडू नका. ओलं फडकं पाच मिनिटं त्यावर ठेवा, मऊ झाली की अलगद उचला. रात्रीच्या हायवे प्रवासात बंपरवर चिकटलेल्या किड्यांनाही हीच युक्ती. पण दुसऱ्या दिवशीच, पुढच्या रविवारी नाही!

वॉशिंग सेंटरवर हे आवर्जून सांगा

आपल्याकडं गाडी धुऊन झाली की डिझेल मारायची पद्धत आहे. खालच्या बाजूला फवारा, कधी कधी वरच्या काळ्या प्लॅस्टिकला आणि बॉडीलासुद्धा, चमक यावी म्हणून. फिल्मवाल्या गाडीला हे चालत नाही. डिझेल, रॉकेल, पेट्रोल, थिनर यातलं काहीही फिल्मच्या कडेतून आत झिरपलं की गोंद सैल पडतो. कड एकदा उचलली की तिथं धूळ बसते, काळी रेघ दिसायला लागते, आणि ती रेघ हळूहळू आत सरकते.

प्रेशरच्या पाण्याचंही तेच. नोझल किमान दोन फूट लांब आणि धार कधीही फिल्मच्या कडेवर सरळ नको. बॉनेटची पुढची कड, दाराच्या हँडलमागची वाटी, बंपरचे कोपरे या नाजूक जागा. वॉशिंग सेंटरवरच्या दादाला गाडीवर फिल्म आहे हे बघून कळेलच असं नाही. चावी देतानाच सांगा.

घरी बरेच जण फवारणीच्या एचटीपी पंपानं गाडी धुतात. ज्या पंपात औषध भरलं होतं त्यानं धुवायचं टाळाच. फिल्मचा प्रश्न नंतर, पाइपात उरलेल्या औषधाचे तुषार आधी तुमच्या नाकातोंडात जातात.

तिसरी गोष्ट पॉलिश. कंपाऊंड लावून मशिन फिरवलं की साध्या रंगावर चमक येते. फिल्मवर तेच केलं तर जो लेप ओरखडे भरून काढतो तोच घासून जातो. फिल्मवर फक्त फिल्मसाठी बनवलेला सीलंट चालतो, तोही काही महिन्यांतून एकदा.

मग धुवायची कशी?

अवघड काही नाही, खर्चही फार नाही. दोन बादल्या, एक मायक्रोफायबरचा हातमोजा, दोन टॉवेल आणि पीएच न्यूट्रल कार शॅम्पू. भांड्याचा साबण नको, कपड्याची पावडर तर नकोच.

आधी नुसतं पाणी सोडून सगळी धूळ खाली वाहू द्या. आपल्या रस्त्यांवरची धूळ म्हणजे काळ्या दगडाचा चुरा, आणि तो प्लॅस्टिकपेक्षा कितीतरी कठीण. सकाळी उठल्या उठल्या गाडीवर कोरडं फडकं मारायची जी सवय घराघरांत आहे ना, ती म्हणजे चक्क पॉलिश पेपर फिरवणं. जुनं बनियन कितीही मऊ असलं तरी त्याच्याखाली अडकलेले खडे मऊ नसतात.

मग एका बादलीत शॅम्पूचं पाणी, दुसरीत साधं. मोजा शॅम्पूत बुडवायचा, एक भाग पुसायचा, साध्या पाण्यात खळबळून काढायचा, मगच पुन्हा शॅम्पूत. वरून खाली यायचं. छत, काचा, बॉनेट, दारं आणि सगळ्यात शेवटी खालचा चिखलाचा भाग. गोल गोल न घासता सरळ रेषेत. कडेजवळ आलात की हात कडेच्या दिशेनं बाहेर न्यायचा, कडेखाली शिरेल असा नाही. शेवटी साधं पाणी आणि टॉवेल.

डांबराचे ठिपके किंवा कडेची काळी रेघ राहिली तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये तेवढंच पाणी मिसळून मऊ कापडानं हलकेच पुसा. आधी कोपऱ्यात थोडंसं लावून बघा. दर आठ-पंधरा दिवसांनी एवढं केलं तरी पुरे. फिल्म नुकतीच बसवली असेल तर पहिला आठवडाभर धुवायची नाही. तिच्याखाली राहिलेलं पाणी आणि बारीक फुगे बऱ्याचदा आपोआप जातात. टाचणीनं फोडायचा मोह आवरा.

या पद्धतीचा आणखी एक फायदा आहे. पाइप सोडून गाडी धुतली की किती पाणी जातं याचा हिशोब कुणी ठेवत नाही. कुकडी प्रकल्पाची पाच धरणं आपल्या या दोन तालुक्यांत. तरीही उन्हाळ्यात पश्चिम पट्ट्यातल्या वाड्यांवर बायाबापड्या हंड्यासाठी पायपीट करतात. अशा वेळी गाडीसाठी पाइप वाहता ठेवणं कुणालाही शोभत नाही. धूळ भिजवायला एक-दोन बादल्या, धुवायला दोन आणि शेवटी एक. एवढ्यात गाडी लख्ख होते.

अजून लावली नसेल तर

घरात नवी गाडी येणार असेल तर पैसे द्यायच्या आधी तीन गोष्टी तुम्हीच करा. घरात गुगल करणारे तुम्हीच असता!

एक, फिल्मचा तुकडा हातात मागा. टीपीयूचा तुकडा ताणला की ताणतो आणि सोडला की पूर्वपदावर येतो. त्यावर नखानं बारीक ओरखडा मारून गरम पाणी सोडा, भरून यायला हवा. स्वस्तात मिळणारी पीव्हीसीची फिल्मही पीपीएफ म्हणूनच विकली जाते. ती आक्रसते, लवकर पिवळी पडते आणि तिचे ओरखडे भरून येत नाहीत.

दोन, वॉरंटीचा कागद वाचा. फिल्म पिवळी पडणं, तडे जाणं, सुटणं यासाठी बहुतेक वॉरंट्या असतात. खडीनं पडलेलं भोक आणि चुकीच्या धुण्यानं झालेलं नुकसान त्यात बहुधा नसतं. जीएसटीचं बिल, फिल्मचं नाव आणि रोलचा नंबर लिहून घ्या. वाद झालाच तर २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे, १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. पण दोन्हीकडं पहिला प्रश्न ‘बिल आहे का?’ हाच असतो.

तीन, सगळी गाडी मढवायलाच पाहिजे का, हा हिशोब मांडा. संपूर्ण गाडीचा खर्च फिल्म आणि गाडीच्या आकाराप्रमाणं साठ-सत्तर हजारांपासून दीड-दोन लाखांपर्यंत जातो. खडी लागते ती बहुतेक पुढच्या बाजूला. बॉनेट, बंपर, आरसे, हँडलच्या वाट्या आणि दाराच्या कडा एवढंच केलं तर खर्च बराच खाली येतो. जुन्या गाडीला अपघातानंतर बाहेर रंग दिला असेल तर जास्तच जपून, कारण पुढं फिल्म काढताना तो रंग तिच्याबरोबर सोलून येऊ शकतो.

आणि हप्ता भरतानाच ओढाताण होत असेल तर फिल्म नाही लावली म्हणून काही बिघडत नाही. दोन बादल्या, मायक्रोफायबर, सावली आणि ताजा डाग ताजा असतानाच काढायची सवय, एवढं नुसत्या रंगावर केलं तरी गाडी वर्षानुवर्षं चांगली दिसते. उलट हे न करता लाखाची फिल्म लावली, तर दोन वर्षांत ती पिवळट, कडा उचललेली, ठिपक्याठिपक्यांची होते आणि मग ती काढायलाही पैसे मोजावे लागतात.

फिल्म झिजणारच, कारण झिजण्यासाठीच ती लावलेली असते. ती किती वर्षांत झिजणार, हे मात्र रविवारी सकाळी बादली कोण उचलतं, आणि त्या बादलीत काय असतं, यावर ठरतं.

तेव्हा येत्या रविवारी वडिलांनी हाक मारायच्या आत उठा. आणि हो, ते कोरडं फडकं आधी लपवून ठेवा!